रामलिंगाला ठेवलेल्या चपला

येडशीत केशरबाईला सगळेच ओळखत होते, पण तिच्यापेक्षा तिच्या लेकाचे पाय जास्त ओळखीचे होते. सिदूच्या पायात जन्मापासून कधी चप्पल गेली नव्हती. गरिबीमुळं म्हणावं तर गरीब सगळेच होते, आणि तरी टायरची का होईना, जोडी ज्याच्या त्याच्या पायात असायची. सिदूची गोष्ट वेगळी होती. त्याचे पाय देवाला दिलेले होते.

झालं होतं असं, की सिदू बोलायला लागला, भाकरी मागायला लागला, तरी उभा काही राहिना. त्याच्या बरोबरीची पोरं अंगणभर पळायची आणि हा बसल्या जागी बुडावर सरकत त्यांच्यामागं जायचा. बाप पिराजीनं त्याला खांद्यावर घालून बार्शीच्या डॉक्टरला दाखवलं, हाडवैद्याला दाखवलं. केशरबाईनं लसूण कढवलेलं तेल चोळून चोळून हाताला घट्टे पाडून घेतले. शेवटी एका श्रावणी सोमवारी तिनं पोराला कडेवर घेतलं, आणि रानातून चालत रामलिंगाच्या देवळाशी आली. तिथं दगडी पायऱ्या खाली दरीत उतरतात. गाभाऱ्यासमोरच्या पायरीवर पोराला ठेवून ती म्हणाली, "ह्याला पायावर उभं कर. ह्याचं लगीन होऊन बाशिंग बांधून तुझ्या पायरीवर येईस्तवर ह्याच्या पायात काय घालणार न्हाय. हे पाय तुझे."

त्याच दिवाळीत सिदू जात्याचा खुंटा धरून उभा राहिला. देवानं केलं की लसणाच्या तेलानं, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. केशरबाईला तर नाहीच.

पुढं पिराजी तापानं गेला. मायलेक दोघंच उरले आणि ओढ्याकाठचा जमिनीचा एक तुकडा. सिदू वाढला तो अनवाणीच. बाभळीचे काटे त्याच्या तळव्याला लागून मोडायचे. चैत्राच्या उन्हात सडकेचं डांबर पाघळायचं, तेव्हा बाकीचे कडेकडेनं चालायचे आणि हा मधून. आणि पळायचा तर असा, की बघत राहावं. त्या वेळी येडशीवरून बार्शी लाइनची छोटी रेल्वे जायची. चढाला लागली की तिला एवढा दम लागायचा, की माणसं खाली उतरून, बिडी पेटवून, पुन्हा चालत्या डब्यात चढायची. पोरं गाडीबरोबर पळायची ती एखाद्या फर्लांगात थकायची. सिदू मात्र गाडीच्या आधी स्टेशनात पोचून, नळावर पाणी पिऊन, तोंड पुसत उभा असायचा.

बहात्तरचा दुष्काळ पडला तेव्हा तो मिसरूड फुटलेला गडी झाला होता. ओढा आटला, विहिरीच्या तळाला भेगा पडल्या. जनावरं छावणीत गेली आणि माणसं खडी फोडायला. केशरबाई आणि सिदू दोघंही सरकारी कामावर होते. दिवसभर हातोडा चालवायचा, दुपारी सरकारकडनं गोड पिठाची सुकडी मिळायची ती खायची, आणि सोसायटीच्या दुकानात मिलो, म्हणजे परदेशातनं आलेली लाल ज्वारी, मिळाला की त्याच्या लाल भाकरी करायच्या. त्या भाकरीला ना वास ना चव. पण पोटाला आधार व्हायचा.

अशातच सोलापूरला मिलिटरीची भरती असल्याचं कळलं. सिदू दोन-तीन पोरांबरोबर गेला. पळण्यात तो सगळ्यांच्या पुढं आला. उंची बसली, छाती बसली. वजनाच्या काट्यावर मात्र डॉक्टरनं चष्म्याच्या वरून त्याच्याकडं बघितलं. शेवटी त्यांनी त्याला घेतलं, पण बजावून पाठवलं, की गुढीपाडव्यानंतर बेळगावला हजर व्हायचं, तिथं पुन्हा तपासतील. अंगावर मांस चढवून ये. तिथलं ट्रेनिंग ह्या अंगानं झेपायचं नाही. झेपलं नाही तर मागारी.

मागारी ह्या शब्दाची सिदूनं धास्तीच घेतली. मागारी म्हणजे तीच खडी, तोच हातोडा. गावातून ताठ मानेनं जायचं आणि महिन्याभरानं वळकटी घेऊन त्याच स्टेशनात उतरायचं. तो आईला म्हणाला, "आये, मागारी आलाव तर म्या ह्या गावात राहणार न्हाय. कुठं बी जाईन."

"आधी जा तर," केशरबाई म्हणाली.

रेल्वेच्या फाटकावर धोंडप्पा गेटमन होता. मूळचा नळदुर्गाकडचा, घरात कानडी बोलणारा, कपाळाला भस्माचे पट्टे. लष्करात हवालदार होऊन पेन्शनीत आलेला. गाडी दिवसातून मोजक्या वेळा जायची. मधल्या वेळात तो फाटकाच्या खोलीपुढं खुर्ची टाकून ताठ बसायचा, जणू साहेबच यायचा आहे. सिदू त्याच्याकडं गेला. धोंडप्पानं त्याला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि विचारलं, "पळतो एवढंच येतंय का अजून काय येतंय?"

"खडी फोडाय येती."

"मग खांदा हाय म्हणायचं. दम बघू." धोंडप्पानं खुर्चीखालचं रिकामं पोतं काढलं, त्यात लाइनवरची खडी भरली, तोंड बांधून सिदूच्या पाठीवर दिलं. "जा आता. सिग्नलला हात लावून ये. गाडीवानी नको, माणसावानी जा."

पाठीवर काही नसताना सिदू वाऱ्यासारखा पळायचा. पोतं घेऊन परत आला तो पोत्यासकट खालीच बसला. धोंडप्पा म्हणाला, "बघ. तिथं मोकळ्या अंगानं कोण पळवतंय तुला? बंदूक हाय, पिशवी हाय, पाण्याची बाटली हाय. हरणासारखं एक दिवस पळून भागत न्हाय बाबा. बैलासारखं रोज पळावं लागतंय."

त्या दिवसापासून सिदूची तालीम सुरू झाली. पहाट फुटली की पोतं पाठीवर घेऊन लाइनच्या कडेनं पळायचं. फाटकाशेजारच्या चिंचेच्या फांदीला दोर बांधला होता, त्यावर हाताच्या बळावर चढायचं. जोर मारायचे. मग धोंडप्पा त्याला उन्हात सावधान उभा करायचा आणि स्वतः सावलीत खुर्चीवर बसून माशी हाकलत म्हणायचा, "माशी नाकावर बसली तरी हात हलवायचा न्हाय. हलला, परत पोतं." पळून झाल्यावर अंग धुवायला पाणी नसायचं. तांब्याभर पाण्यात सिदू तोंड धुवायचा आणि तेच पाणी वाया जाऊ नये म्हणून चिंचेच्या बुंध्याला घालायचा.

सकाळी त्याला कामावर उशीर व्हायचा. पण खडीच्या कामावर एक रीत होती. घरातलं कुणी आजारी पडलं, कुणाला यायला वेळ लागला, तर त्याच घरातल्या दुसऱ्यानं त्याची बदली भरायची. मुकादम खडीचा ढीग बघायचा, हात कुणाचे हे विचारायचा नाही. केशरबाई सिदू येईस्तोवर त्याच्या जागची खडी फोडायची. आणि सुकडी वाटली की आपल्यातली अर्धी पदराला बांधायची.

"आये, तू खा की."

"मला गोड नको वाटतंय. दात सळसळत्यात."

शेजारी बसणारी सरुबाई मोठ्या तोंडाची होती. ती म्हणायची, "केशर, तुझे दात बरे दुपारच्यालाच सळसळत्यात." पण एखाद्या दिवशी तीच आपल्यातला सुकडीचा गोळा सिदूकडं भिरकावायची. "घे रं शिपाया. पेन्शन आली की परत कर."

पौष सरता सरता सिदूचा खांदा भरला. सोसायटीच्या गोदामात मिलोची पोती तोलायचा काटा होता, त्यावर मापाड्यानं त्याला पोत्यासारखं बसवून तोललं आणि म्हणाला, "व्हय, जरा जड झालास. अजून खा." सगळं असं चांगलं चाललेलं असताना एका दुपारी धोंडप्पा स्वतः केशरबाईच्या दारात आला. त्याच्या हातात फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं.

तिनं घोंगडं टाकलं. तो टेकला आणि त्यानं फडकं सोडलं. आत त्याचे लष्करातले काळेभोर, तळाला नाल ठोकलेले बूट होते. दर रविवारी पॉलिश करून ठेवलेले. त्यात तोंड दिसावं.

"अक्का, पोरगं तयार व्हतंय. पर आता पळायचं ते ह्यात पळलं पायजे."

केशरबाई बुटांकडं बघत राहिली. मग म्हणाली, "अण्णा, तुम्हाला ठावं हाय न्हवं. त्याच्या पायात काय घालायचं न्हाय. देवाला बोललेलं हाय."

"ठावं हाय. म्हणून तर आलाव. पोराला म्या इचारलं, तर ते म्हणतंय आयेला इचारा."

"मग मला इचारलंत. म्या न्हाय म्हणती."

धोंडप्पा रागावला नाही. त्यानं आपलं धोतर गुडघ्यापर्यंत वर घेतलं आणि टाच दाखवली. टाचेच्या वर कातडी जुन्या भाजल्यासारखी गुळगुळीत आणि पांढरी होती. "म्या बी असाच गेलतो. शेतकऱ्याचं पोर, अनवाणी. पहिल्याच दिवशी बूट दिले अन् पळवलं. फोड आले, फुटले, पू झाला. म्या दवाखान्यात पडलो, माझ्या संगतीची पोरं पुढं गेली. मला मागच्या पोरांत घातलं. माझ्याबरुबरचा एकजण तर घरीच गेला. धट्टाकट्टा होता, अक्का. पायानं घालवला त्याला. आतापसनं पाय बुटात मुरला तर सिदू तरंल. तिथं जाऊन पहिल्यांदा घातला तर तुझ्या लेकाला त्याचेच पाय मागारी आणतील."

हवालदार खरं बोलतोय हे केशरबाईला कळत होतं. पण तिच्या डोळ्यांपुढं बुडावर सरकत जाणारं पोर उभं होतं. ज्यानं पाय दिले तो काढून घ्यायला किती वेळ लावणार? बूट घातले नाहीत तर लष्कर मागारी पाठवणार. घातले आणि देव कोपला तर पोरगं परत जमिनीवर. तिनं बूट फडक्यात गुंडाळले आणि धोंडप्पापुढं सरकवले.

"अण्णा, माझ्याच्यानं व्हणार न्हाय."

तो उठला. बूट मात्र त्यानं सिदूच्या हातात दिले. "ठीव तुझ्यापाशी. घालू नको. नुसतं बघत जा."

सिदू आईचा शब्द मोडणारा नव्हता. पण मुकाट बसणाराही नव्हता. बूट पायात घालायचे नाहीत, तर निदान त्यांचं वजन तरी अंगाला कळू द्यावं, असं त्याच्या मनानं घेतलं. दुसऱ्या दिवशीपासून तो बुटांच्या नाड्या एकमेकींना बांधून ते गळ्यात अडकवायचा, पाठीवर पोतं घ्यायचा आणि लाइनच्या कडेनं पळायचा. दर पावलाला नाल छातीवर आपटायचे. गाडीतली माणसं खिडकीतून डोकी काढून हसायची.

ही गोष्ट केशरबाईला ठाऊक नव्हती. ती कळली खडीवर. हातोडा खाली ठेवून पाणी पिता पिता सरुबाई म्हणाली, "केशर, एक बोलू का? राग मानू नको."

"तू कधी इचारून बोललीस?"

"तुझं पोरगं गळ्यात जोडे अडकवून पळतंय. स्टेशनापतुर. सगळी गाडी हसती. पोरासोरांनी नाव पाडलंय, जोड्याचा माळकरी."

केशरबाईचा हातोडा हातातच राहिला. गळ्यात जोड्यांची माळ घालतात ती कुणाच्या, हे काय तिला सांगायला हवं होतं? चोराच्या. बाईबाटलीत धरलेल्याच्या. गाढवावर बसवून धिंड काढतात त्याच्या. आणि तिचा सिदू, ज्यानं कुणाच्या शेतातलं कणीस कधी मोडलं नाही, तो तिच्या नवसापायी गळ्यात जोडे घालून लोकांपुढनं पळत होता. वरून घरी येऊन त्यातलं एक अक्षर बोलला नव्हता.

तो आला तेव्हा तिनं त्याचा सदरा वर केला. छातीवर दोन्हीकडं निळे-काळे डाग होते. नालांचे.

"लोक हसत्यात व्हय रं?"

"हसू देत. गाडी गेली की थांबत्यात." तो ढिगाकडं वळला. "आये, तुझं देवाबरुबर काय असंल ते असूंदे. म्या मधी पडत न्हाय. फकस्त वजन तरी सवयीचं व्हतंय का बघतोय."

ह्यावर तो रडला असता, भांडला असता, तर तिला बरं वाटलं असतं.

पुढच्या सोमवारी तिनं सुट्टी घेतली. सिदूनं तिची बदली भरली. टँकरच्या पाण्यातलं एक तांब्याभर पाणी तिनं देवासाठी बाजूला ठेवलेलं होतं. तांब्याच्या तोंडावर पळसाचं पान धरून ती रानातून रामलिंगाकडं निघाली. पळसाला फुलं होती, पण खाली सगळं रान करडं पडलेलं. दरीतला धबधबा सुकून काळा खडक उघडा झाला होता. पायऱ्यांवर वानरं बसली होती, तीही गप्प. तिच्या हातातला तांब्या त्यांनी नजरेनं धरला, पण अंगावर कुणी आलं नाही.

देवळात बलभीम गुरव एकटाच होता. तिनं पाणी पिंडीवर घातलं. एवढंसं पाणी दगडानं लगेच पिऊन टाकलं. मग ती तिथंच बसली आणि सगळी हकीकत त्याला सांगितली, बुटांची, नालांची, लोकांच्या हसण्याची. बलभीमानं तंबाखू मळता मळता ऐकलं.

"देवाला इचार की," तो म्हणाला.

"देव बोलत न्हाय म्हणून तुम्हाला इचारती."

"केशरबाई, तू नवस बोललीस तवा म्या हितं न्हवतो. तुमच्या दोघांतलं मला काय कळणार? पर नवस मोड असं म्या सांगायचो न्हाय. बोललेलं फेडावं लागतंय. कसं फेडायचं ते तू बघ."

ती पायरीवर येऊन बसली. हीच ती पायरी. सिदूला तिनं इथंच ठेवलं होतं. हात जोडले तरी काय मागावं हे तिला सुचेना. नवस मोडू दे असं म्हणायची तिची छाती होत नव्हती. मनात मात्र खडीचा ढीग येत होता. सिदू आत्ता तिची बदली भरतोय. परवा ती त्याची भरत होती. मुकादम तर परका माणूस, तरी तो म्हणतो, खडी फुटल्याशी कारण, हात कुणाचेही चालतील. मग हा तर रामलिंग.

तिनं पायातल्या टायरच्या चपला काढल्या. धूळ पदरानं पुसली. दोन्ही चपला पायरीच्या कडेला, भिंतीला लावून, नीट जोडीनं ठेवल्या. मग हात जोडून हळूच, पण ऐकू जाईल असं म्हणाली, "बोललेलं मोडत न्हाय. पाय तुझेच. त्याच्या बदली माझे घे. त्याचं लगीन होऊन तो तुझ्या पायरीवर येईस्तवर म्या पायात काय घालणार न्हाय. त्याचे सोड. कामाचे हायत रे ते आता."

परतीच्या वाटेनं तिला पहिल्यांदा कळलं, की सिदू एवढी वर्षं कशावरून चालत होता. कुसळ, काटा, तापलेला मुरूम. ओढा ओलांडेपर्यंत तिच्या तळव्याला दोन ठिकाणी रक्त आलं होतं. पण तिच्या मनावरचा दगड उतरला होता. देवानं हो म्हटलं असं तिला कुठं ऐकू आलं नव्हतं. नाही म्हटलेलंही ऐकू आलं नव्हतं, एवढ्यावर तिनं भागवलं.

संध्याकाळी तिनं धोंडप्पाला बोलावलं. बूट सिदूच्या पुढं ठेवून म्हणाली, "घाल."

सिदूनं तिच्या पायांकडं बघितलं. "तुझ्या चपला कुठं हायत?"

"देवाला ठिवल्या. तुझ्या बदली. घाल म्हणती न्हवं."

तो बुटांना हात लावेना. धोंडप्पानं काम काढलं, कारण अशा वेळी पुरुष माणसाला काम लागतं. बूट घालून बघितले तर सिदूचा पाय आत जाईना. जन्मभर मोकळा राहिलेला पाय पुढं पंजासारखा पसरला होता. धोंडप्पा म्हणाला, "ह्याला एकच इलाज. बूट पाण्यानं भरायचे, कातडं फुगू द्यायचं, मग पाय घालून वाळेस्तवर चालायचं. कातडं पायासारखं व्हतंय. पर पाणी..." तो थांबला. घरात त्या दिवशी अर्धी घागर होती.

केशरबाई उठली. तिनं घागर आणली आणि दोन्ही बूट काठोकाठ भरले. तेवढ्यात सरुबाई विस्तव मागायला आली आणि दारातच थबकली. "अगं बया. माणसाला प्यायला न्हाय अन् हिनं जोड्याला पाजलं."

"आज जोड्याला तहान लागली हाय," केशरबाई म्हणाली. "उद्या आमाला लागंल तवा तुझ्याकडं येऊ."

सरुबाई विस्तव न घेताच परत गेली, आणि थोड्या वेळानं पदराआड एक कळशी घेऊन आली. कळशी उंबऱ्याच्या आत ठेवून म्हणाली, "प्यायलाच वापरा. न्हायतर जोड्याच्या धाकट्या भावाला बी पाजाल."

ओल्या बुटात पाय कसाबसा शिरला. सिदू उभा राहिला आणि दोन पावलांत भिंतीवर गेला. एवढा गाडीबरोबर पळणारा गडी, पण बुटात नवं वासरू चालतं तसा चालत होता. पाय उचलला की बूट जमिनीतच राहतोय असं त्याला वाटायचं. धोंडप्पा हसला, सरुबाई हसली, शेवटी सिदूही हसला. केशरबाई मात्र त्याच्या गुडघ्यांकडं बघत होती. वाकतात का, कापतात का, जमिनीला टेकतात का. त्या आठवड्यात रोज सकाळी सिदू अंथरुणातून उठून उभा राहीपर्यंत तिचा श्वास वर अडकलेला असायचा. रोज तो उभा राहायचा. मग ती चूल पेटवायची.

फोड आले ते इथंच आले. धोंडप्पा सुई तापवून फोड फोडायचा, हळद भरायचा, चिंधी बांधायचा आणि पुन्हा पळवायचा. एकदा सिदू कळवळून म्हणाला, "अण्णा, उद्या पळतो की." धोंडप्पा म्हणाला, "हितं उद्या हाय. तिथं न्हाय." पुढं पुढं टाचेची कातडी जाड झाली. नालांचा आवाज सरळ, एका ठोक्यात यायला लागला. फाल्गुन लागला तेव्हा पाठीवर पोतं, पायात बूट, असा सिदू चढावरच्या गाडीला गाठायला लागला. मागं टाकता येत नव्हतं, पण बरोबरीनं जायचा. खिडकीतली माणसं आता हसत नव्हती. एखादा वाकून विचारायचा, "कुठं रं, मिलिटरीत का?"

खडीवर केशरबाईचे हाल झाले, ते तिनं कुणाला सांगितले नाहीत. फुटलेल्या दगडाच्या कपच्या धारेच्या असतात. ती पायाखाली पोतं घेऊन बसायची, उठताना जपून उठायची, तरी संध्याकाळी पाय तांब्यातल्या घोटभर पाण्यानं पुसताना डोळ्यांत पाणी यायचं. सिदू एकदा तिचा पाय मांडीवर घेऊन कपची काढत बसला होता. म्हणाला, "आये, मला कधी एवढं लागलं न्हाय."

"तू लहानपणापसनं मुरलेला. म्या आता भरती झाले."

पाडव्याला लिंबाचा पाला खाल्ला. त्याच आठवड्यात सोसायटीच्या काट्यावर मापाड्यानं सिदूला पुन्हा बसवलं आणि या वेळी मान हलवली. स्टेशनात गाडी उभी होती. कुर्डुवाडी, मिरज, मग बेळगाव. धोंडप्पानं सिदूच्या बुटांना स्वतःच्या हातानं पॉलिश केलं होतं. सिदू आईच्या पाया पडायला वाकला, तेव्हा तिच्या तळव्यांच्या भेगांवर त्याचा हात जरा जास्त वेळ राहिला. केशरबाई खाली बसली. सैल दिसली म्हणून तिनं त्याच्या बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली. गाठ तिला तिच्या पद्धतीचीच आली, घागरीच्या दोराला मारतात तशी.

"ही सुटायची न्हाय," ती म्हणाली.

गाडी चढाला लागली, हळू झाली. एरवी सिदू तिच्याबरोबर पळायचा. त्या दिवशी तो दारात उभा होता आणि गावची चार पोरं चपला हातात घेऊन गाडीबरोबर पळत होती.

त्या वर्षी पाऊस झाला. ओढ्याला पाणी आलं, जनावरं छावणीतून घरी आली, खडीचं काम बंद पडलं. सिदू काही मागारी आला नाही. तिथं पहिल्या महिन्यात फोडांनी पोरं लंगडायला लागली तेव्हा हा सगळ्यांच्या पुढं पळत होता, असं त्यानं धोंडप्पाला पत्रात कळवलं. धोंडप्पानं ते पत्र फाटकाशी थांबणाऱ्या एकूण एक गाडीवानाला वाचून दाखवलं.

ट्रेनिंग संपवून तो सुट्टीवर आला तो पुढल्या वैशाखात. अंगानं भरलेला, मान ताठ, आवाज थोडा दुसऱ्याचाच वाटावा असा. आल्या आल्या म्हणाला, "आये, आधी रामलिंगाला जाऊ." भर दुपारची वेळ. तिनं तांब्या भरून घेतला आणि दोघं निघाले. तो बुटांनी टाप टाप करत, ती त्याच्या बाजूनं अनवाणी.

पायऱ्यांच्या वर त्यानं बूट काढले, मोजे काढले, आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला. ठेवला तो लगेच उचलला. दगड तव्यासारखा तापला होता. दुसरा पाय ठेवला, तोही उचलला. त्याचे तळवे बुटात राहून राहून मऊ आणि पांढरे झाले होते, न्हालेल्या पोराच्या तळव्यासारखे. लष्करातला गडी, दोन्ही हातांनी तोल सावरत, एका पायरीवरून दुसरीवर उड्या मारत खाली चालला. वानरंसुद्धा बाजूला झाली.

"चटके बसत्यात गं आये. तांब्यातलं पाणी टाक की जरा पायरीवर."

"ते देवाचं हाय. चल गुमान."

ती त्याच्या मागून सावकाश, पूर्ण पाऊल टेकत उतरत होती. तिच्या पायाला त्या पायऱ्यांचं काहीच वाटत नव्हतं. खाली भिंतीच्या कडेला तिची एकच चप्पल पडलेली होती, उन्हानं वाकडी झालेली. दुसरी वानरानं नेली, असं बलभीम गुरवानं दारातूनच सांगितलं. सिदू सावलीच्या पायरीवर पाय धरून बसला होता, ज्या पायरीवर तिनं त्याला एकदा ठेवलं होतं तिथंच.

"एवढा मोठा शिपाई झालास," ती म्हणाली, "अन् देवाच्या दारात परत बसूनच राहिलास व्हय? ऊठ."

तो हसत उठला. त्याच्या पायांकडं तिनं नेहमीसारखं बघून घेतलं आणि मग ती तांब्या घेऊन आत गेली.